जलपदचिन्ह, शेतीमालाचे

शेतीमालाचे ठराविक परिमाण पिकविताना खर्ची पडणाऱ्या व दूषित होणाऱ्या गोड्या पाण्याचे एकूण घनफळ म्हणजे त्या मालाचे जलपदचिन्ह होय. ते सामान्यतः दर टनास घन मीटर (घ. मी.) या एककात सांगतात. एक घ. मी. म्हणजे १,००० लि. असल्याने दर टनास अमुक घ. मी. हा आकडा दर किलोग्रॅमला तितक्याच लिटरांचा असतो. वाळूवर चालून गेलेल्या माणसाचा माग जसा पावलांच्या ठशांवरून लागतो, तसा धान्य, साखर, कापूस इ. वस्तूंच्या मागे खर्ची पडलेल्या पाण्याचा माग या संकल्पनेने लावता येतो. म्हणून तीस हे नाव मिळाले आहे. जगातील गोड्या पाण्याच्या एकूण उपशापैकी सु. ७० टक्के उपसा शेतीसाठी होतो. भारतात हे प्रमाण याहूनही अधिक आहे. त्यामुळे पाण्याचा कोणताही हिशेब शेतीपासूनच सुरू करावा लागतो.

पिकास ‘लागणारे’ पाणी आणि पिकाने ‘खर्ची घातलेले’ पाणी यांत फरक आहे. विहिरीतून उपसलेल्या किंवा कालव्यातून सोडलेल्या पाण्याचा काही भाग जमिनीत मुरून पुन्हा भूजलास मिळतो, काही भाग ओढ्यानाल्यांत उतरतो. हे पाणी त्याच खोऱ्यात खालच्या भागास पुन्हा उपलब्ध होऊ शकते. जमिनीच्या पृष्ठावरून झालेले बाष्पीभवन व पानांवाटे झालेला बाष्पोच्छ्‌वास यांमुळे वातावरणात गेलेले पाणी मात्र त्या खोऱ्यास त्या हंगामात परत मिळत नाही. जलपदचिन्हात प्रामुख्याने या दुसऱ्या प्रकारच्या पाण्याची गणना करतात.

संकल्पनेचा उगम : धान्य आयात करणारा देश धान्याबरोबर ते पिकविण्यास लागलेले पाणीही आयात करीत असतो, हा विचार ब्रिटिश भूगोलज्ञ टोनी ॲलन यांनी १९९० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी मांडला व अशा पाण्यास ‘आभासी जल’ हे नाव दिले. पश्चिम आशियातील कोरड्या देशांच्या अभ्यासातून ही कल्पना निघाली होती. तिच्यासाठी त्यांना २००८ चे स्टॉकहोम जल पारितोषिक मिळाले. स्वीडिश जलवैज्ञानिक मालिन फाल्केनमार्क यांनी १९९५ मध्ये ‘हिरवे’ व ‘निळे’ पाणी असा भेद केला. हे दोन्ही विचार एकत्र आणून डच शास्त्रज्ञ आर्येन हुक्स्ट्रा यांनी २००२ मध्ये नेदर्लंड्समधील डेल्फ्ट येथे जलपदचिन्हाची संकल्पना मांडली. पुढे हुक्स्ट्रा व त्यांचे सहकारी मेकोनेन यांनी १९९६–२००५ या कालखंडासाठी जगातील बहुतेक सर्व पिकांची जलपदचिन्हे काढून प्रसिद्ध केली. या गणनेनुसार मानवजातीच्या एकूण जलपदचिन्हापैकी सु. ९२ टक्के वाटा शेतीउत्पादनाचा आहे.

प्रकार : जलपदचिन्हाचे तीन घटक मानले जातात. (१) हिरवे : पावसाचे जे पाणी वाहून न जाता किंवा खोल न झिरपता मुळांच्या थरात ओल म्हणून राहते आणि पिकाकडून वापरले जाते, ते हिरवे पाणी. कोरडवाहू शेती सर्वस्वी त्यावर चालते. हे पाणी उचलून दुसरीकडे नेता येत नाही. त्याचा उपयोग त्या जमिनीवर उगवणाऱ्या वनस्पतीसच होतो. (२) निळे : नदी, तलाव, धरण, कालवा, विहीर किंवा कूपनलिका यांतून घेऊन पिकास दिलेले व बाष्परूपाने खर्ची पडलेले पाणी. हेच पाणी पिण्यास, गुरांना, कारखान्यास किंवा दुसऱ्या शेतासही देता आले असते. त्यामुळे वाटपाचा प्रश्न व त्यावरून होणारा कलह निळ्या पाण्याबाबत उद्‌भवतो. (३) करडे : शेतातून निचरा होऊन भूजलात किंवा प्रवाहात मिसळलेल्या खते-औषधांचे प्रमाण विहित मर्यादेपर्यंत खाली आणण्यासाठी जेवढे स्वच्छ पाणी लागेल तेवढे घनफळ. हे पाणी प्रत्यक्षात कोणी ओतत नाही. प्रदूषणाचा भार घनफळाच्या भाषेत सांगण्याची ही रीत आहे.

मापन : एक हेक्टर क्षेत्रावर एक मिमी. उंचीचे पाणी म्हणजे १० घ. मी. पाणी होय. पिकाच्या संपूर्ण काळातील बाष्पीभवन व बाष्पोच्छ्‌वास यांची बेरीज मिमी.मध्ये काढून तीस दहाने गुणले की दर हेक्टरी खर्ची पडलेले पाणी मिळते व त्यास दर हेक्टरी उत्पादनाने भागले की जलपदचिन्ह मिळते. बाष्पीभवन-बाष्पोच्छ्‌वासाचे मान तापमान, आर्द्रता, वारा व सूर्यप्रकाश यांवरून काढतात. त्यासाठी पेनमन (१९४८) व माँटीथ (१९६५) यांच्या कार्यावर आधारलेले आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने १९९८ मध्ये प्रमाण ठरविलेले सूत्र वापरतात. या सूत्राने मिळणाऱ्या मूल्यास पिकाच्या वाढीच्या अवस्थेनुसार बदलणाऱ्या गुणकाने गुणतात. एकूण खर्चापैकी उपयुक्त पावसाने भागणारा भाग हिरवा व उरलेला, सिंचनाने भागविलेला भाग निळा धरतात.

या रीतीतून एक गोष्ट स्पष्ट होते. जलपदचिन्ह हा भागाकार असल्याने ते दोन मार्गांनी बदलते : पाण्याचा खर्च कमीजास्त झाल्यास आणि उत्पादन कमीजास्त झाल्यास. पीक ऐन भरात असताना अतिवृष्टीने वाया गेले, तर पाणी विपुल असूनही हाती आलेल्या प्रत्येक किलोग्रॅममागचे जलपदचिन्ह वाढते. सप्टेंबर २०२४ च्या प्रारंभी नांदेड, हिंगोली व परभणी जिल्ह्यांत झालेल्या अतिवृष्टीत खरिपाची हानी झाली, तेव्हा असाच प्रकार घडला.

निरनिराळ्या पिकांची तुलना : पुढील कोष्टकात काही पिकांची १९९६–२००५ या काळातील जागतिक सरासरी जलपदचिन्हे दिली आहेत.

कोष्टक : काही पिकांची जागतिक सरासरी जलपदचिन्हे (घ. मी. दर टनास)

| पीक | हिरवे | निळे | करडे | एकूण |
|---|---|---|---|---|
| ऊस | १३९ | ५७ | १३ | २१० |
| केळी | ६६० | ९७ | ३३ | ७९० |
| भात (साळ) | १,१४६ | ३४१ | १८७ | १,६७३ |
| गहू | १,२७७ | ३४२ | २०७ | १,८२७ |
| सोयाबीन | २,०३७ | ७० | ३७ | २,१४५ |
| ज्वारी | २,८५७ | १०३ | ८७ | ३,०४८ |
| कापूस (सरकीसह) | २,२८२ | १,३०६ | ४४० | ४,०२९ |
| हरभरा | २,९७२ | २२४ | ९८१ | ४,१७७ |

(पूर्णांकांत मांडल्यामुळे काही बेरजांत एकाचा फरक दिसतो.)

वरवर पाहता या कोष्टकात ऊस हे सर्वांत काटकसरी पीक ठरते आणि ज्वारी व हरभरा ही उधळी पिके ठरतात. मराठवाड्यातील कोणाही शेतकऱ्याचा अनुभव याच्या उलट आहे. या विसंगतीची कारणे दोन आहेत. पहिले असे की, टन हे माप उसाच्या बाबतीत रसाने भरलेल्या कांड्यांचे आहे, तर ज्वारी-हरभऱ्याच्या बाबतीत वाळलेल्या दाण्याचे आहे. एक टन उसापासून सु. १०० ते ११० किग्रॅ. साखर मिळते, एक टन हरभरा मात्र जवळजवळ सगळाच अन्न असतो. दुसरे व अधिक महत्त्वाचे कारण हे की, ज्वारी व सोयाबीन यांच्या आकड्यांतील बहुतांश पाणी हिरवे, म्हणजे पावसाचे आहे. ते पीक घेतले नसते, तरी त्या पाण्याचा मोठा भाग तणांतून व उघड्या जमिनीवरून उडूनच गेला असता. म्हणून जलपदचिन्हाचा एकूण आकडा एकटा वाचून पिकांची प्रतवारी लावणे दिशाभूल करणारे ठरते. कोणते पाणी, कोणत्या ऋतूत व कोणत्या खोऱ्यातून घेतले, या तीन प्रश्नांसह तो वाचावा लागतो. हदगाव परिसराच्या उदाहरणावरून हे अधिक स्पष्ट होईल.

हदगाव परिसर : नांदेड जिल्ह्याच्या उत्तर भागात, पैनगंगेच्या दक्षिणेस हदगाव तालुका आहे. पैनगंगा ही त्याची उत्तर सीमा असून पलीकडे यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुका येतो. कयाधू नदी हिंगोली जिल्ह्यातून येऊन याच परिसरात पैनगंगेस मिळते. जमीन बेसाल्टापासून झालेली, काळी व मध्यम ते खोल आहे. नांदेड जिल्ह्याचे वार्षिक सरासरी पर्जन्यमान सु. ९०० मिमी. असून त्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. खोल काळ्या जमिनीच्या एक मीटर थरात पिकास घेता येईल अशी सु. १५० ते २०० मिमी. ओल साठू शकते. रब्बी ज्वारी व हरभरा ही पिके मुख्यतः या साठ्यावर निघतात. जमिनीखालील बेसाल्टात मात्र पाणी भेगा व सांध्यांतच राहत असल्याने भूजलाचा साठा गाळाच्या मैदानी प्रदेशाच्या मानाने बराच कमी असतो व उपसा वाढताच विहिरी लवकर तळ गाठतात.

तालुक्यात सोयाबीन, कापूस, तूर, ज्वारी, हरभरा ही पिके आणि पाण्याची सोय असेल तेथे ऊस, केळी व हळद घेतली जाते. खरीप ज्वारीची जागा गेल्या काही दशकांत मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली आहे. सिंचनाचा मुख्य आधार पैनगंगेवरील इसापूर धरणाचा, म्हणजेच ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचा आहे. या जलाशयाचा उपयुक्त साठा सु. ९६४ दशलक्ष घ. मी. असून त्याचे पाणी कालव्यांद्वारे हिंगोली, यवतमाळ व नांदेड या तीन जिल्ह्यांतील क्षेत्रांस मिळते. धरणातील साठा पाहून कालवा सल्लागार समितीत पाणीपाळ्या ठरतात. साहजिकच एका गावाच्या पिकाचे निळे पाणी हे त्याच कालव्यावरील दुसऱ्या गावाच्या पाळीशी बांधलेले असते.

अशा परिसरातील एक हेक्टर सुरू उसाचा हिशेब पुढीलप्रमाणे मांडता येईल. (आकडे उदाहरणासाठी गृहीत धरले असून ते या भागातील परिस्थितीशी जुळते आहेत.) जानेवारी-फेब्रुवारीत लावलेल्या व वर्षभर उभ्या असलेल्या या पिकाचे एकूण बाष्पीभवन-बाष्पोच्छ्‌वास १,५०० मिमी. व त्यातील उपयुक्त पावसाचा वाटा ५५० मिमी. मानला, तर ५,५०० घ. मी. पाणी हिरवे व ९,५०० घ. मी. निळे ठरते. उत्पादन हेक्टरी ८० टन धरल्यास दर टनास हिरवे ६९ व निळे ११९ घ. मी. होते. हेक्टरी २५० किग्रॅ. नत्रापैकी १० टक्के, म्हणजे २५ किग्रॅ., निचऱ्यातून गेले आणि पाण्यातील नायट्रेटरूपी नत्राची मर्यादा लिटरला १० मिग्रॅ. मानली, तर ते सौम्य करण्यास २,५०० घ. मी., म्हणजे दर टनास ३१ घ. मी. करडे पाणी लागते. एकूण बेरीज २१९ होते. ती २१० या जागतिक सरासरीच्या अगदी जवळ आहे. परंतु निळा वाटा जागतिक सरासरीच्या दुपटीहून अधिक आहे आणि त्याचा मोठा भाग फेब्रुवारी ते मे या महिन्यांत, धरण व विहिरी ओसरत असताना लागतो. मळी व चिपाड यांच्या वाट्याचे पाणी वजा केले नाही, तर एक किग्रॅ. साखरेमागे सु. १,१०० लि. निळे पाणी पडते.

याच शिवारातील कोरडवाहू सोयाबीनचा बाष्पीभवन-बाष्पोच्छ्‌वास ४२० मिमी. व उत्पादन हेक्टरी १.२ टन धरले, तर जलपदचिन्ह दर टनास ३,५०० घ. मी. येते. ते उसाच्या सोळा पट दिसते, पण त्यात निळे पाणी जवळजवळ शून्य असते. रब्बी हरभऱ्यास ३०० मिमी. पाण्यापैकी २०० मिमी. जमिनीतील ओलीतून व १०० मिमी. एक-दोन संरक्षित पाण्यांतून मिळाले आणि उत्पादन १.५ टन आले, तर निळे पाणी हेक्टरी १,००० घ. मी. लागते. याचा अर्थ एक हेक्टर उसास जे ९,५०० घ. मी. निळे पाणी लागते, त्यात साडेनऊ हेक्टर हरभऱ्याची संरक्षित पाण्याची गरज भागते. केंद्र शासनाच्या जल जीवन मिशनमध्ये (२०१९) धरलेल्या दरडोई दररोज ५५ लि. या मानाने ते सु. ४७० माणसांच्या वर्षभराच्या घरगुती पाण्याइतके होते.

लातूरचा अनुभव : निळ्या पाण्याचा हिशेब चुकल्यास काय होते, हे शेजारच्या लातूर जिल्ह्यात दिसून आले. लातूरचे वार्षिक पर्जन्यमान सु. ८०० मिमी. आहे. शहरास पाणी पुरविणारे धनेगाव येथील मांजरा धरण सु. १७७ दशलक्ष घ. मी. उपयुक्त साठ्याचे आहे. २०१४ व २०१५ या लागोपाठच्या दोन अवर्षणांनंतर ते कोरडे पडले आणि १२ एप्रिल २०१६ रोजी सु. ३५० किमी.वरील मिरजेहून दहा वाघिणींतून सु. ५ लाख लि. पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातुरास पोहोचली. पुढे पन्नास वाघिणींची गाडी एका खेपेस सु. २५ लाख लि. पाणी आणू लागली व पावसाळ्यापर्यंत या खेपा चालू राहिल्या. २५ लाख लि. म्हणजे २,५०० घ. मी. वर काढलेल्या हिशेबानुसार एक हेक्टर उसाचे निळे पाणी अशा सु. चार पूर्ण खेपांइतके भरते. पाटाने भिजविताना शेतात दिलेल्या पाण्यापैकी ६० टक्केच पिकास लागू पडते असे धरले, तर द्यावे लागणारे पाणी सहाहून अधिक खेपांचे होते. मांजरा खोऱ्यात उसाचे क्षेत्र व साखर कारखाने मोठ्या प्रमाणावर आहेत. साखरेच्या पोत्यांतून आभासी जल खोऱ्याबाहेर जात असता पिण्याचे पाणी रेल्वेने आत आणावे लागले, ही त्या वर्षाची वस्तुस्थिती होय. [⟶ दुष्काळ].

अर्थात उसाऐवजी दुसरे पीक असते तर धरण भरलेलेच राहिले असते, असे यावरून सिद्ध होत नाही. लागोपाठच्या अवर्षणात पाणलोटातून येणारा येवाच अत्यल्प होता. मात्र असा येवा कमी पडण्याची शक्यता ज्या खोऱ्यात नेहमीची आहे, तेथे बारमाही पिकाने निळ्या पाण्याची गरज आधीच बांधून टाकलेली असल्यास संकटाच्या वर्षी ती कमी करता येत नाही. हंगामी पिकाची पेरणी साठा पाहून कमी करता येते. शेतात उभा असलेला ऊस तसा आखडता येत नाही.

ऊस लावण्याची कारणे : पाण्याचा एवढा खर्च असूनही शेतकरी ऊस का लावतो, याचे उत्तर जलपदचिन्हात नसून बाजारव्यवस्थेत आहे. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ नुसार कारखान्याने ठरलेला किमान दर देणे बंधनकारक असून ऊस पोहोचल्यापासून चौदा दिवसांच्या आत पैसे देण्याची तरतूद आहे. हे पैसे अनेकदा थकतात. तरी खरेदीदार ठरलेला असतो. हरभरा, तूर, सोयाबीन यांना आधारभूत किंमत जाहीर होते, पण त्या किंमतीने होणारी खरेदी मर्यादित असते व सुगीच्या दिवसांत बाजारभाव तिच्याखाली उतरण्याचा अनुभव वारंवार येतो. शिवाय गारपीट, पावसाचा खंड व अतिवृष्टी ऊस इतर पिकांच्या मानाने अधिक सोसतो. कालव्याच्या पाण्याची आकारणी अनेक ठिकाणी घनफळावर न होता पीक व क्षेत्र यांवर होते आणि विहिरीच्या पाण्यास उपशाच्या खर्चाखेरीज मोल पडत नाही. अशा स्थितीत शेतकऱ्याच्या हिशेबात जमीन, मजुरी व जोखीम येते. पाणी येत नाही. राज्यातील लागवडीच्या चार टक्क्यांहून कमी क्षेत्रावरील ऊस सिंचनाच्या सु. ७० टक्के पाण्याचा वापर करतो, असे केंद्रीय कृषी खर्च व मूल्य आयोगाने २०१५–१६ च्या हंगामासाठीच्या अहवालात नमूद केले होते. [⟶ ऊस].

जलपदचिन्ह घटविण्याचे मार्ग : (१) हिरव्या पाण्याचा अधिक उपयोग : पडलेला पाऊस शेतातच मुरविणे, आच्छादन करणे, तण काढणे व वेळेवर पेरणी करणे यांनी उघड्या जमिनीवरून होणारे निष्फळ बाष्पीभवन घटते. सोयाबीनची पेरणी रुंद वरंबा-सरी पद्धतीने करण्याची शिफारस परभणी येथील कृषी विद्यापीठाने (स्थापना १९७२) केली आहे. या पद्धतीत पावसाच्या खंडात सरीतील ओल उपयोगी पडते व अतिवृष्टीत जादा पाणी सरीवाटे निघून जाते. (२) संरक्षित सिंचन : समजा, पावसाच्या खंडामुळे सोयाबीनचे उत्पादन हेक्टरी ०.८ टनांवर येणार आहे व तोपर्यंत ३८० मिमी. पाणी खर्ची पडणार आहे. शेंगा भरतेवेळी ५० मिमी.चे एक पाणी दिल्याने उत्पादन १.४ टनांवर गेले, तर जलपदचिन्ह दर टनास ४,७५० घ. मी.वरून सु. ३,०७० घ. मी.वर येते. थोड्या निळ्या पाण्याने पुष्कळ हिरवे पाणी सार्थकी लागते. निळ्या पाण्याचा सर्वांत फलदायी उपयोग बहुधा हाच असतो. (३) ठिबक सिंचन : याने शेतात द्यावे लागणारे पाणी बरेच कमी होते, खत मुळाशी देता आल्याने करडा घटक घटतो व उत्पादन वाढते. परंतु पिकाचा बाष्पोच्छ्‌वास त्या प्रमाणात कमी होत नाही, आणि पूर्वी झिरपून शेजारच्या विहिरीस मिळणारे पाणी आता मिळेनासे होते. वाचलेल्या पाण्यावर उसाचेच क्षेत्र वाढविले, तर खोऱ्यातील एकूण निळा खर्च कमी न होता वाढतो. (४) शेततळी : पावसाळ्यात वाहून जाणारे पाणी साठविणारे शेततळे संरक्षित सिंचनास साहाय्यक होते. तळाशी प्लॅस्टिक अंथरून भूजलाचा उपसा करून भरलेले शेततळे मात्र सर्वांच्या सावलीतील साठा एकाच्या उन्हातील साठ्यात आणते व बाष्पीभवनाची भर घालते. (५) पीकरचना : खोऱ्यातील निळ्या पाण्याच्या मर्यादेत बारमाही पिकांचे क्षेत्र ठरविणे. वरील चारही उपायांचे फळ शेवटी यावर अवलंबून असते.

महाराष्ट्रातील प्रयत्न : जलपदचिन्ह हा शब्द नवा असला, तरी त्यामागील विचार महाराष्ट्रास अपरिचित नाही. धुळे व नासिक जिल्ह्यांतील पांझरा, मोसम इ. नद्यांवरील फड पद्धतीत लाभक्षेत्राचे फड पाडून एका फडात सर्वांनी एकच पीक घेण्याची व पिकांची फेरपालट करण्याची रीत होती. पाणी कमी असल्यास उसाचा फड सर्वांच्या संमतीने घटविला जाई. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथून सुरू केलेल्या पाणी पंचायतीने पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात न देता दर माणशी अर्धा एकर व कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल इतका ठरविला, भूमिहीनांसही पाण्याचा हक्क दिला आणि ऊस वर्ज्य केला. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली दरवर्षी पावसाच्या मोजणीवरून गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडून ग्रामसभेत पिके ठरविण्यात येतात. ऊस, केळी व सिंचनासाठी कूपनलिका यांवर तेथे बंदी आहे.

शासकीय पातळीवर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाने १९९९ मधील अहवालात नदीखोरे व उपखोरे हा नियोजनाचा घटक धरला. २००५ मध्ये महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा अधिनियम, तसेच पाणीवापर संस्थांना घनफळाच्या मापाने पाणी देण्याची तरतूद असलेला सिंचन पद्धतींच्या शेतकऱ्यांकडून व्यवस्थापनाचा अधिनियम हे दोन कायदे झाले. भूजल अधिनियम, २००९ हा २०१४ पासून अंमलात आला असून त्यात अधिसूचित क्षेत्रात भूजलाच्या वापराची व पिकांची योजना करण्याची तरतूद आहे. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात (२०१८) मराठवाडा व विदर्भातील गावांसाठी जलसंतुलनाचे हिशेब करण्यात आले. त्यांसाठी मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेने साहाय्य केले. कायदे व साधने यांची उणीव आता फारशी राहिलेली नाही. पाणी प्रत्यक्ष मोजण्याची व मोजलेल्या आकड्यास बांधून घेण्याची व्यवस्था मात्र थोड्याच ठिकाणी रुजली आहे.

मर्यादा : जलपदचिन्हावर अनेक आक्षेप घेण्यात आले आहेत. कोकणातील पावसाळ्यातले एक लिटर व मराठवाड्यातील मे महिन्यातले एक लिटर यांची बेरीज त्यात समान मोलाने होते. म्हणून काही अभ्यासक पाण्याच्या दुर्भिक्ष्यानुसार घनफळास भार देतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मानक १४०४६ मध्येही पाणीवापराच्या परिणामांच्या मूल्यमापनावर भर दिला आहे. करड्या घटकाची गणना बरीचशी गृहीतांवर अवलंबून असते व बहुधा नत्रापुरती मर्यादित राहते. कीटकनाशके तीत क्वचितच येतात. पिकापासून मिळणारा रोजगार, कडबा व चारा यांचे मोल, जमिनीचा पोत टिकविण्यातील कडधान्यांचा वाटा या गोष्टी दर टनाच्या आकड्यात दिसत नाहीत. ज्वारीचा दाणा मोजताना तिच्या कडब्यावर जगणारी गुरे हिशेबाबाहेर राहतात.

या मर्यादा लक्षात घेऊनही ही संकल्पना उपयुक्त आहे. धरणाच्या साठ्याचे आकडे वृत्तपत्रांत दररोज येतात. त्या साठ्यातून कोणत्या पिकाने किती पाणी वातावरणात उडविले याचा हिशेब सहसा मांडला जात नाही. गावाच्या, कालव्याच्या किंवा खोऱ्याच्या पातळीवर हिरव्या व निळ्या पाण्याची वेगळी नोंद ठेवली, तर पेरणीपूर्वीच दोन गोष्टी कळू शकतात : पावसाच्या ओलीवर किती क्षेत्र निभेल आणि उरलेल्या निळ्या पाण्यातून पिण्याचे पाणी आधी बाजूला काढल्यावर पिकांसाठी किती शिल्लक राहील. पैनगंगा व मांजरा या दोन्ही खोऱ्यांत अवर्षणाची वर्षे वारंवार येतात. तेथे या नोंदीचा खरा उपयोग अशा वर्षी, ऊस लावण्याच्या आधी व्हावयास हवा. उभ्या पिकाचे पाणी तोडण्याची पाळी आल्यावर तिचा उपयोग उरत नाही.